पन्हळीचा उतार

आमचे घर बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर पत्रे, आणि पुढच्या वळचणीला पत्र्याचीच पन्हळ. एका आषाढात ती जोडावर गळू लागली. नव्या पन्हळीचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. पण भिंतीच्या पायथ्याला पोपडे सुटले तेव्हा मात्र झोप उडाली.

पन्हळ हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’ पासून आला. देवळाच्या गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे दगडी मुख ते प्रणाल. आपल्या वऱ्हाडातील धाब्याच्या घरांनाही पन्हळ असे, पण एखाददुसरीच. धाब्याला एका बाजूस उतार द्यायचा आणि सारे पाणी भिंतीपासून दूर फेकायचे, एवढेच तिचे काम.

पत्रा आला आणि हे गणित बदलले. नालीदार पत्र्याचे पेटंट लंडनच्या हेन्री पामर याने १८२९ साली घेतले. लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याची युक्ती फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली नोंदवली. १८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि मुंबईचा जड मालही वऱ्हाडात सहज येऊ लागला. पुढे आमच्या आजोबांनी धाबे उतरवून पत्रे घातले. धाब्याचा माथ्यावरचा भार गेला खरा. पण आता पाणी एका मुखातून न पडता अख्ख्या वळचणीभर कोसळू लागले. म्हणून ही लांबलचक पन्हळ!

तिच्याकडे दुर्लक्ष करणे वऱ्हाडात परवडत नाही. भिंत पांढरीची असली तरी तिच्याखाली काळी आहेच. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतीला भेगा पाडते.

अखेर डाग देणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावले. त्याने शिडीवर चढून निंबाचा कुजलेला पाला काढला, लोटाभर पाणी ओतले आणि म्हणाला, “भाऊ, पन्हय सडली नाही, उतार बिघडला. पाहा, पाणी मधातच उभं रायते.”

एक आकडा निसटला होता. त्याने दोरी धरून दहा फुटांना अर्धा इंच असा उतार साधला आणि आकडा पुन्हा ठोकला. जोड घासून लख्ख केला, नवसागर लावून कथील-शिशाचा डाग दिला, वर डांबराचा हात फिरवला. त्याची दिवसाची मजुरी, थोडे कथील नि थोडे डांबर, एवढ्यात काम झाले. मी मात्र तोवर सबंध पन्हळ मोडीत काढायला निघालो होतो!

आढ्याचे पाणी वळचणीला यायचेच; ते तिथून नीट जाते की नाही, एवढे आपण पाहायचे. यंदा दिवाळीपूर्वी त्या भिंतीला पांढरी मातीच लिंपून वर चुना दिला. पणत्या तिच्याच कोनाड्यात लावल्या.