नाव मोठे की लक्षण? स्वस्त आणि महागड्या सौंदर्यप्रसाधनांचा ताळेबंद

पुणे : लक्ष्मी रस्त्यावरून तुळशीबागेत वळले की कुंकू, टिकल्या, काजळ, नेलपॉलिश आणि लिपस्टिकची दुकाने ओळीने सुरू होतात. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये येथे राममंदिराच्या उभारणीस प्रारंभ केला. त्या मंदिराभोवती वाढलेली ही बाजारपेठ आज पुण्यातील स्त्रियांच्या खरेदीचे हक्काचे ठिकाण आहे. येथे शंभर-दीडशे रुपयांत मिळणाऱ्या लिपस्टिकसारख्याच छटेची आयात केलेली लिपस्टिक सेनापती बापट रस्त्यावरील किंवा विमाननगरमधील मॉलमध्ये दोन हजारांहून अधिक किमतीला विकली जाते. ही तफावत नेमकी कशाची, असा प्रश्न कोणत्याही चोखंदळ ग्राहकाला पडावा. डबीतल्या द्रव्याची, डबीची, की डबीवरील नावाची?

या प्रश्नाचे उत्तर केवळ पैशांच्या बचतीपुरते मर्यादित नाही. स्वस्त पण प्रामाणिक माल आणि स्वस्त पण बनावट माल एकाच बाजारात, अनेकदा एकाच फळीवर असतो. पहिल्याने पैसे वाचतात. दुसऱ्यामुळे त्वचाच नव्हे, तर मूत्रपिंडेही धोक्यात येऊ शकतात.

स्वस्त पर्यायाचा इतिहास

महागड्या परदेशी प्रसाधनांना देशी पर्याय देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या ‘अफगाण स्नो’ने अनेक पिढ्यांच्या आरशासमोर जागा मिळवली. पुढे १९५२ या एकाच वर्षी मुंबईत दोन वेगळ्या वाटांनी दोन उद्योग उभे राहिले. टाटा समूहाच्या टाटा ऑईल मिल्सने फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्याने ‘लॅक्मे’ सुरू केली. मध्यमवर्गीय स्त्रिया परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च करतात, याची चिंता पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना वाटत होती आणि त्यातून हा उद्योग जन्मला, असे सांगितले जाते. ‘लॅक्मे’ हे नाव लक्ष्मी या नावाचे फ्रेंच रूप असून त्याच नावाची एक फ्रेंच संगीतिका प्रसिद्ध आहे. सिमोन टाटा १९६१ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर आल्या आणि त्यांनी या नावाला घरोघरी पोहोचविले. १९९८ मध्ये ‘लॅक्मे’ हिंदुस्थान लिव्हरकडे गेली.

त्याच वर्षी परळमध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी ‘विको’ची मुहूर्तमेढ रोवली. परदेशी सूत्राचे अनुकरण न करता आयुर्वेदातील द्रव्ये आधुनिक रूपात देण्याचा मार्ग त्यांनी निवडला. हळद आणि चंदनतेल यांचे ‘विको टर्मरिक’ क्रीम हे त्याचे ठळक उदाहरण. चेहऱ्याला हळदीचा पिवळेपणा न येऊ देणारे हे क्रीम औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी कंपनीचा वाद अनेक वर्षे चालला. कारण कराचा दर त्यावर अवलंबून होता. अखेर ते आयुर्वेदिक औषध मानले गेले. प्रसाधनाची किंमत ठरविण्यात करांचा वाटा किती मोठा असतो, हे या वादाने दाखवून दिले.

आजही हे चित्र फारसे वेगळे नाही. कुंकू, टिकली, अळता आणि डबीतील काजळ यांवर वस्तू व सेवा कर नाही. मात्र पेन्सिलच्या रूपातील काजळावर तो १८ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये शाम्पू, केसांचे तेल, अंगाचा साबण आणि टाल्कम पावडर यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. लिपस्टिक आणि त्वचेची क्रीम मात्र १८ टक्क्यांतच राहिली. आयात प्रसाधनांवर सीमाशुल्काचा भार वेगळा. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते १० वरून २० टक्के करण्यात आले. म्हणजे परदेशी डबीची काही किंमत सौंदर्याची नसून बंदराची असते.

डबीत असते तरी काय?

बहुतेक शाम्पू आणि फेसवॉशमध्ये फेस आणणारी व मळ सोडविणारी द्रव्ये मोजकीच आहेत. त्यांचे उत्पादन करणारी ‘गॅलेक्सी सर्फेक्टंट्स’ ही कंपनी १९८० मध्ये स्थापन झाली. मुख्यालय नवी मुंबईत आणि कारखाने तारापूर व तळोजा येथे असलेल्या या कंपनीचे ग्राहक बहुराष्ट्रीय कंपन्यांपासून देशी कंपन्यांपर्यंत पसरलेले आहेत. ग्लिसरिन, पेट्रोलियम जेली, झिंक ऑक्साईड किंवा सॅलिसिलिक आम्ल यांबाबतही हेच म्हणता येईल. त्वचेतील ओलावा उडून जाऊ न देण्यात पेट्रोलियम जेलीची बरोबरी करणारी द्रव्ये फार थोडी आहेत, आणि ती बाजारातील अत्यंत स्वस्त द्रव्यांपैकी एक आहे.

मालकीच्या बाजूने पाहिले तरी स्वस्त आणि महाग यांतील भिंत पातळ दिसते. पुण्याजवळ चाकण येथे लॉरिअल समूहाचा कारखाना आहे. गार्नियर आणि मेबलिन ही सर्वसामान्यांच्या आवाक्यातील नावे या समूहाची, तसेच लँकोम हे उंची नावही त्याचेच. कॅनडातील डेसिम या कंपनीने २०१६ मध्ये ‘द ऑर्डिनरी’ या नावाने एकेका परिणामकारक घटकाची द्रव्ये साध्या बाटल्यांत, कमी किमतीत विकण्यास सुरुवात केली. क्लिनिक आणि मॅक यांसारखी उंची नावे बाळगणाऱ्या एस्टी लॉडर समूहाने २०२४ मध्ये ती कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली. जयपूरच्या ‘मिनिमलिस्ट’ने २०२० पासून भारतात अशाच प्रकारची उत्पादने आणली, २०२५ मध्ये तिचे बहुसंख्य भागभांडवल हिंदुस्थान युनिलिव्हरने घेतले. स्वस्त पर्याय कुचकामी असते, तर मोठ्या समूहांनी त्यांच्यासाठी थैल्या मोकळ्या केल्या नसत्या.

कच्चा माल एक म्हणून तयार माल एकच, असे मात्र नव्हे. पीठ, तेल आणि मीठ सर्वांच्या घरी तेच असले तरी प्रत्येकीची पोळी वेगळी होते. घटकांचे प्रमाण, ते मिसळण्याची पद्धत, रंगद्रव्य किती बारीक दळले आहे, आम्लता किती राखली आहे आणि मिश्रण किती काळ टिकते यांवर गुणवत्ता ठरते. फरक एवढाच, की या गोष्टींचा खर्च दहापट किंमत लावण्याइतका क्वचितच असतो. उरलेला खर्च जाहिरात, वेष्टन, मॉलमधील जागेचे भाडे आणि नावाच्या प्रतिष्ठेचा.

कुठे वाचवावे, कुठे नाही

धुऊन टाकायच्या वस्तूंवर जास्त पैसे खर्च करण्यात अर्थ नसतो. फेसवॉश किंवा शाम्पू त्वचेवर मिनिटभर राहतो. त्यातील दुर्मीळ अर्क पाण्याबरोबर मोरीत जातो. कोरड्या त्वचेसाठीचे साधे मॉइश्चरायझर, ओठांचे मलम, काजळ आणि नेलपॉलिश यांतही स्वस्त माल सहज उजवा ठरू शकतो. नायसिनामाईड अर्थात ब-३ जीवनसत्त्वाचे परिणाम मुख्यतः २ ते ५ टक्के प्रमाणात अभ्यासले गेले आहेत. हे द्रव्य टिकाऊ आणि स्वस्त असल्याने त्यासाठी चढी किंमत मोजण्याचे कारण उरत नाही.

सनस्क्रीनच्या बाबतीत तर स्वस्ताई हाच गुण ठरतो. एसपीएफ ३० असलेले क्रीम त्वचा लाल करणारे सुमारे ९७ टक्के अतिनील किरण अडविते, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. हे आकडे प्रयोगशाळेत प्रति चौरस सेंटिमीटर २ मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन मोजलेले असतात. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेषा, असा त्याचा ढोबळ हिशेब. महागडी नळी पुरवून पुरवून, वाटाण्याएवढी लावली तर छापील संरक्षण मिळत नाही. स्वस्त नळी हात सैल सोडून वापरता येते. दुचाकीवरून उन्हात फिरणाऱ्या पुणेकरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

जेथे महाग मालाचे पारडे जड होऊ शकते, अशी ठिकाणेही आहेत. क जीवनसत्त्वाचे द्रावण हवा आणि प्रकाश यांनी लवकर बिघडते. ते स्थिर ठेवण्यासाठी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी त्यात ई जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्ल घालण्याचे सूत्र २००५ मध्ये मांडले. अशा संशोधनाची आणि एकस्वाची किंमत ग्राहकाकडून वसूल होते. हे द्रावण गडद, हवाबंद बाटलीतच घ्यावे. त्याचा रंग तपकिरी झाला असेल, तर ते महाग असो वा स्वस्त, निरुपयोगीच. फाउंडेशनच्या बाबतीत भारतीय वर्णाच्या अनेक छटा उपलब्ध असणे महत्त्वाचे. किंमत कमी असली तरी छटा चुकली तर सारा खर्च वाया. अत्तर आणि परफ्यूम यांत सुगंधी द्रव्यांच्या किमतीत मुळातच फरक असतो. तेथे स्वस्त नक्कल थोड्याच वेळात उघडी पडते.

खरा धोका बनावट मालाचा

‘डुप’ हा शब्द हल्ली तरुणींच्या तोंडी आहे. महाग वस्तूसारखी छटा किंवा तसाच गुण देणारी, पण स्वतःच्या नावाने विकली जाणारी स्वस्त वस्तू, असा त्याचा अर्थ. तिच्यात गैर काही नाही. दुसऱ्याचे नाव, बोधचिन्ह आणि वेष्टन चोरून विकलेला माल मात्र कायद्याने ‘बनावट प्रसाधन’ ठरतो. दोन हजारांची नामांकित लिपस्टिक दोनशे रुपयांत मिळत असेल, तर ती सवलत नसून इशारा असतो.

यात सर्वाधिक घातक ठरतात ती गोरेपणाचे आश्वासन देणारी बेनामी क्रीम. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, त्यामुळे चेहरा काही दिवसांत उजळल्यासारखा दिसतो. पण तो शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक विरळा प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जणांनी अशी क्रीम वापरल्याचे सांगितले. महाराष्ट्रातही अकोल्यातील एकाच कुटुंबातील महिलांना अशा क्रीममुळे मूत्रपिंडविकार झाल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले. भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारा दशलक्षात एक भागाहून अधिक असता कामा नये.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. स्टिरॉइडयुक्त अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री २०१८ मध्ये बंद करण्यात आली. तरीही ‘नाईट क्रीम’ या नावाखाली ती चेहऱ्याला फासली जातात. प्रारंभी त्वचा तुकतुकीत दिसते; पुढे ती पातळ व लाल होते आणि मुरुमे, नको तेथे लव अशा तक्रारी सुरू होतात. क्रीम थांबविताच त्वचा भडकत असेल, तर तत्काळ त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

प्रसाधन नियम २०२० अन्वये देशात बनलेल्या प्रत्येक प्रसाधनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता हवा. यांपैकी काहीच नसेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी वस्तू परत ठेवावी.

‘निर्माता’ आणि ‘विक्रेता’ ही दोन नावे निरनिराळी असू शकतात. अनेक कंपन्या माल दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतात. त्यामुळे कमी-अधिक किमतीच्या दोन डब्यांवर एकाच कारखान्याचा पत्ता आढळणे अशक्य नाही. सूत्र वेगळे असू शकते. परंतु स्वस्त डबीही त्याच परवान्याखाली बनते, एवढे त्यावरून कळते.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्का किंवा त्याहून कमी प्रमाणातील घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. जाहिरातीत मिरविलेले केशर किंवा चंदन यादीच्या तळाशी असेल, तर त्याची मात्रा नावापुरती समजावी. अगदी लहान वेष्टनांवर ही यादी नसू शकते. वेष्टनावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमतही छापलेली असते. दोन वस्तूंची तुलना तिच्या आधारे करावी, डबीच्या आकारावरून नव्हे.

नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडीशी लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. दुकानातील सर्वांसाठी ठेवलेली नमुन्याची लिपस्टिक थेट ओठांना लावू नये. मनगटावर छटा पाहणे पुरेसे. पावती आवर्जून घ्यावी. तक्रार करायची झाल्यास राज्याचे अन्न व औषध प्रशासन आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (१९१५) ही त्यासाठीची ठिकाणे आहेत. पावती आणि बॅच क्रमांक हाती असल्यास तक्रारीला वजन येते.

तात्पर्य असे, की ‘स्वस्त’ आणि ‘हलके’ हे समानार्थी शब्द नाहीत, तसे ‘महाग’ आणि ‘उत्तम’ हेही नाहीत. डबी कोणी बनविली, कधी बनविली आणि तिच्यात काय आहे, याची जबाबदारी जो उत्पादक आपल्या नावाने घेतो, त्याचा शंभर रुपयांचा माल निःसंकोच वापरून पाहावा. जेथे ही जबाबदारी घेणारे कोणीच नाही, तेथे फुकटही घेऊ नये.