मागच्या आसनाचा इतिहास : मोटरसायकल मेळ्याला जोडीने
(थ्रेड)

१/ १४ ऑगस्ट १९३८. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातले स्टर्जिस हे छोटे गाव. मोटरसायकलच्या शर्यतीत स्पर्धक अवघे ९. याच मेळ्याला २०१५ मध्ये सात लाखांहून अधिक माणसे लोटली. मोटरसायकल मेळा म्हटला की डोळ्यांपुढे येतो चामडी जाकिटातला एकटा पुरुष. मात्र या मेळ्यांच्या जडणघडणीत जोडप्यांचा वाटा मोठा होता. त्या विस्मृत वाट्याची ही कथा.

२/ स्टर्जिसचा मेळा भरवला १९३६ मध्ये स्थापन झालेल्या 'जॅकपाइन जिप्सीज' या क्लबने. सूत्रधार होता क्लेरन्स होएल, सगळ्यांचा 'पॅपी'. गावात 'इंडियन' मोटरसायकली विकणे हा त्याचा व्यवसाय. शर्यतीची आखणी त्याची. पाहुण्यांच्या जेवणाचा भार पत्नी पर्ल हिच्यावर. सुरुवातीला पाहुण्यांचे तंबूही होएल यांच्या आवारातच पडत.

३/ एका विक्रेत्याने एवढा खटाटोप का करावा? फोर्डच्या स्वस्त मोटारीने मोटरसायकलला गरजेच्या यादीतून केव्हाच बाहेर ढकलले होते. त्यात १९२९ ची महामंदी. १९३१ मध्ये 'एक्सेल्सिअर' कंपनी बंद पडली. 'हार्ले-डेव्हिडसन' आणि 'इंडियन' या दोनच मोठ्या कंपन्या उरल्या. गिऱ्हाईक टिकवायचे, तर गाडी घेऊन जाण्याजोगे ठिकाण हवे. आणि ते घरातल्या दोघांनाही रुचायला हवे.

४/ अशा सहलींना नाव होते 'जिप्सी टूर'. ठिकठिकाणचे चालक आपापल्या गावाहून निघत आणि ठरलेल्या स्थळी एकत्र जमत. न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनियाचा मेळा आपला आरंभ १९१६ च्या अशाच सहलीत शोधतो. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन'ने ही प्रथा पुढे चालवली. आपल्याकडच्या जत्रेसारखेच हे: देवळाइतकीच वाटही महत्त्वाची.

५/ जोडीने निघायचे, तर पहिला प्रश्न आसनाचा. दुसऱ्या माणसाची बैठक बहुधा थेट मागच्या चाकावर असे आणि त्या चाकाला स्प्रिंग नसे. 'इंडियन'ने ती १९४० मध्ये दिली. 'हार्ले'च्या मोठ्या गाड्यांना तर १९५८ पर्यंत वाट पाहावी लागली. खड्डा चाकाखालून गेला की धक्का सरळ मागे बसलेल्याच्या पाठीत.

६/ १९३० च्या दशकात 'हार्ले'ने यावर तोडगा काढला: 'बडी सीट'. एकच रुंद आसन, दोघे एकमेकांना खेटून. 'हार्ले'मध्ये चालकाचे खोगीर नळीतल्या स्प्रिंगवर तोललेले असे; आसन एकच झाल्याने त्या स्प्रिंगचा लाभ मागच्यालाही मिळू लागला. तीन-चार दिवसांचा प्रवास दोघांना सोसवेल की नाही, हे अशा साध्या सुधारणांवर ठरत होते.

७/ दुसरा पर्याय साइडकारचा. तिच्यात माणूस बसे, तंबू, पांघरुणे आणि शिदोरी मावे. पण सामान रचण्याचेही शास्त्र होते. अमेरिकेत साइडकार उजव्या बाजूला असते. ती हलकी असेल तर उजव्या वळणावर तिचे चाक जमीन सोडते. म्हणून जड वस्तू तळाशी ठेवायच्या. शिवाय जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, साखळीचे दुवे आणि इंजिन ऑइल यांना जागा ठेवणे भाग होते.

८/ मग वाट. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्गांना एकसूत्री क्रमांक मिळाले १९२६ मध्ये. तेल कंपन्या पंपांवर रस्त्यांचे नकाशे फुकट वाटत. त्यांवरूनच दिवसाचा टप्पा आणि मुक्काम ठरे. पण नकाशावरची रेघ म्हणजे पक्का रस्ता नव्हे. प्रसिद्ध 'रूट ६६' सुद्धा संपूर्ण पक्का व्हायला १९३८ साल उजाडले. पाऊस आला की मातीच्या रस्त्यावर सगळे बेत कोलमडत.

९/ मुक्कामाचा प्रश्न मात्र सर्वांसाठी सारखा नव्हता. कृष्णवर्णीय जोडप्याला कोणत्या गावात खोली मिळेल, कोणत्या पंपावर पेट्रोल मिळेल, हे आधी शोधावे लागे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून 'ग्रीन बुक' काढले ते यासाठीच. मेळ्यांना मान्यता देणाऱ्या असोसिएशनचे दारही १९५० च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीयांना बंद होते.

१०/ या काळातले सर्वांत विलक्षण जोडपे म्हणजे डॉट आणि अर्ल रॉबिन्सन. डॉटचा जन्म १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. वडील साइडकार बनवत. प्रसूतीसाठी आईला रुग्णालयात नेले तेही साइडकारमधूनच. पुढे हे कुटुंब मिशिगनला आले. १९३१ मध्ये अर्लशी विवाह झाला आणि कालांतराने दोघांनी डेट्रॉइटमध्ये 'हार्ले'चे दुकान थाटले.

११/ १९३५ मध्ये दोघांनी साइडकार जोडलेल्या मोटरसायकलवरून लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर ८९ तास ५८ मिनिटांत कापून विक्रम केला. सुमारे ३,००० मैल धरले, तर सरासरी ताशी सुमारे ५४ किलोमीटर भरते. तीही पेट्रोल, दुरुस्ती, जेवण आणि झोप यांचे सारे थांबे जमेस धरून! तेव्हाच्या रस्त्यांवर असा वेग केवळ धाडसाने साधत नाही. त्यामागे काटेकोर आखणी लागते.

१२/ डॉट केवळ 'अर्लची पत्नी' म्हणून ओळखली गेली नाही. मिशिगनची 'जॅक पाइन' ही वाळू, चिखल आणि ओढे तुडवत होणारी सुमारे ५०० मैलांची दोन दिवसांची सहनशक्ती स्पर्धा. १९४० मध्ये तिच्या साइडकार गटात डॉट पहिली आली आणि असोसिएशनची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री ठरली. १९४६ मध्ये तिने हा पराक्रम पुन्हा केला.

१३/ त्याच सुमारास ऱ्होड आयलंडची लिंडा ड्यूजो स्वतःची मोटरसायकल चालवणाऱ्या स्त्रियांना शोधत होती. तिने विक्रेत्यांना आणि क्लबांना पत्रे धाडली. त्यातून १९४० मध्ये ५१ सदस्यांची 'मोटर मेड्स' ही संघटना उभी राहिली. डॉट तिची पहिली अध्यक्ष. अट एकच: गाडी स्वतःची किंवा कुटुंबातली असावी आणि ती स्वतः चालवता यावी. पांढरे हातमोजे ही त्यांची खूण.

१४/ मग ही जोडपी स्मरणातून गेली कुठे? जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी जिप्सी टूरच्या वेळी दंगामस्ती झाली. 'लाइफ' नियतकालिकात मोटरसायकलवर बसलेल्या, हाती बाटल्या धरलेल्या एका पुरुषाचे छायाचित्र छापून आले. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' हा चित्रपट आला. त्या दोन प्रतिमांनी मेळ्याचा चेहरा ठरवून टाकला: पुरुष, एकटा, उद्दाम.

१५/ या चेहऱ्यामागे लपले ते नकाशावर मुक्काम ठरवणारे, सामानाचे वजन तोलणारे, परक्यांसाठी चूल पेटवणारे हात. शर्यतींचे निकाल नोंदले गेले. पर्लने किती जणांना वाढले, याचा हिशेब कुठल्याच निकालपत्रात नाही. म्हणूनच १९३५ ची ती नोंद मोलाची. ८९ तास ५८ मिनिटे, आणि त्यापुढे नावे दोन: डॉट आणि अर्ल.

(समाप्त)