डिग्री की अनुभव? तांत्रिक नोकरीत नेमकं काय बघतात?

बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या घराघरांत हा वाद ठरलेला असतो. इंजिनिअरिंगची चार वर्षं घालवायची, की आयटीआय करून सरळ कामाला लागायचं? ज्या भागाने राज्याला 'लातूर पॅटर्न' दिला, तिथे मार्क आणि डिग्रीवर विश्वास जास्त असणं साहजिक आहे. दुसरीकडे डिग्री घेऊन घरी बसलेला एखादा इंजिनिअर प्रत्येकाच्या ओळखीत असतो.

मग खरं काय? नोकरी कोण देतंय, यावर ते ठरतं.

सरकारी भरतीत जाहिरातीतला शब्द चालतो

महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं प्रमाणपत्र मागतात. गावात दहा वर्षं मोटारी रिवाइंड करणाऱ्या, पोलवरचा फॉल्ट आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाकडे हा कागद नसेल, तर त्याचा अर्ज छाननीतच बाद होतो.

पण याची दुसरी बाजू अनेकांना माहीत नसते. मोठी डिग्री असली की लहान पद आपोआप मिळतं, असंही नाही. जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यात टेक्निशियन पदासाठी आयटीआयची अट होती आणि डिप्लोमाधारकांनीही अर्ज केले होते. डिप्लोमा वरचा असला तरी त्यात आयटीआय आलाच असं धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं. त्याआधी २०१० मध्ये केरळच्या एका प्रकरणात न्यायालयाने बी.टेक. उमेदवारांच्या बाजूने निकाल दिला होता, कारण तिथल्या नियमांतच वरची पात्रता चालेल अशी तरतूद होती. म्हणजे सगळा खेळ नियमाच्या शब्दांचा. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, हा सल्ला कंटाळवाणा आहे, पण वर्ष वाचवणारा आहे.

नोकरी सांभाळून पत्राने डिग्री मिळवण्याचा मार्गही अनेकांनी धरला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातून घेतलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांना मान्यता नाकारली. अनुभव खरा होता, कागद मात्र गेला.

साखर कारखान्यात दोन्ही लागतात

खासगी आणि सहकारी क्षेत्राचं चित्र वेगळं आहे. त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण मराठवाड्यातच आहे, साखर कारखाना.

पॅनवर साखरेचा दाणा बांधणारा पॅनमन पाहा. चालू पॅनमधून नमुना काढून तो काचेवर पसरतो, दाण्याचा आकार बघतो आणि रस कधी सोडायचा, पॅन कधी उतरवायचं हे ठरवतो. आता यंत्रं मदतीला आली आहेत, तरी ही नजर गाळप हंगामांतच तयार होते. एक हंगाम बिघडला तर नुकसान किती होतं, हे कारखान्याला ठाऊक असतं. म्हणून चांगल्या पॅनमनला शोधून नेतात, त्याची मार्कशीट कुणी मागत बसत नाही. त्याच्या वर चीफ केमिस्ट असतो. त्याला मात्र साखर तंत्रज्ञानाचं रीतसर शिक्षण लागतं, जे पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मिळतं.

शेजारच्या बॉयलर हाउसमध्ये तर कायद्यानेच दोन्ही गोष्टी जोडल्या आहेत. बॉयलर अटेंडंटला प्रत्यक्ष काम केल्याचा काळ दाखवून परीक्षा द्यावी लागते. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर व्हायचं तर डिग्री किंवा डिप्लोमा, त्यावर अनुभव आणि त्यावर परीक्षा. चूक झाली तर माणसं मरतात, तिथे एकाच गोष्टीवर भागत नाही.

हे लातूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जवळपास आठ हजार माणसं गेली, बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. त्या भिंती अनुभवी हातांनीच रचल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या अनुभवात भूकंप नव्हता. पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचं प्रशिक्षण द्यावं लागलं ते यामुळेच.

आयटीत डिग्रीची अट गेली म्हणतात, ते किती खरं?

जगातल्या मोठ्या कंपन्यांनी डिग्रीची अट काढल्याच्या पोस्ट सतत फिरतात. घोषणा खऱ्या आहेत. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांवरची ही अट काढली. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, अशा बदलांचा प्रत्यक्ष फायदा अमेरिकेत ७०० पैकी एका नव्या नोकरीलाही झाला नव्हता. आपल्याकडे एचसीएलचा टेकबी हा कार्यक्रम बारावीनंतर मुलं घेतो, झोहोही चेन्नईत स्वतःची शाळा चालवून मुलं तयार करते. मात्र दोन्हीकडे कंपनी आधी शिकवते आणि मग कामाला घेते. काहीच न शिकता नोकरी, असा त्याचा अर्थ नाही.

मधला रस्ता

दोनपैकी एकच निवडायचं बंधन नाही. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यांना किमान ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. रक्कम फार नाही, पण शेवटी मिळणारं प्रमाणपत्र रेल्वेसारख्या भरतीत उपयोगी पडतं.

दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्यांना डिप्लोमाच्या आणि डिप्लोमाधारकांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. नोकरी करणाऱ्यांसाठी एआयसीटीईने २०२३ पासून सोयीच्या वेळेत वर्ग चालवण्याची परवानगी दिली आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि कामाचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावं लागतं.

लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याकडे इथल्या मुलांचं लक्ष आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिला डबा-सांगाडा तयार झाला. पुढे वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्यांचं काम कायनेट या भारत-रशिया संयुक्त कंपनीला मिळालं. कारखाना रेल्वेचा असला तरी कंपनीची भरती आणि रेल्वे भरती मंडळाची परीक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाची अट दुसऱ्याला लावू नये.

अनुभवालाही कागद लागतो

अनेक जाहिरातींत 'अर्हता मिळाल्यानंतरचा अनुभव' असं लिहिलेलं असतं. म्हणजे डिप्लोमाआधीची पाच वर्षं तिथे मोजत नाहीत. पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या नोंदीत नोकरीच्या तारखा सापडतात. ठेकेदाराकडे रोखीने पगार घेणाऱ्याजवळ तोही पुरावा नसतो. म्हणून पद, कामाचं स्वरूप आणि तारखा लिहिलेलं पत्र काम सोडतानाच मागून घ्यावं. दोन वर्षांनी तो ठेकेदार त्याच साइटवर सापडेल याची खात्री नसते.