स्पीडबोटीची दुरुस्ती घरी करता येते का? काय स्वतः करावं आणि कुठे थांबावं?

बुलडाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याची ओळख म्हणजे महामार्गालगतची १०५ फुटी हनुमान मूर्ती. याच तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव हा मोठा सिंचन प्रकल्प उभा राहतोय. धरणाचं पाणी साठलं की मागोमाग बोटी येतात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळ्याला आणि नाशिकजवळ गंगापूर धरणावर आज पर्यटक बोटिंगसाठी जातात.

पण समुद्रापासून इतक्या लांब बोट बिघडली तर? बोटीचा मेकॅनिक कोकणात किंवा मुंबईत. मग छोटी कामं मालकालाच करावी लागतात. त्यातली बरीचशी जमण्यासारखी असतात. मात्र बोट ही पाण्यात चालणारी कार नाही, आणि हा फरक विसरला तर जिवावर बेतू शकतं.

स्की बोट म्हणजे काय?

दोरीने माणसाला मागे ओढत पाण्यावरून घसरत नेणारी बोट म्हणजे स्की बोट. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युअलसन या तरुणाने वॉटर स्कीइंगची सुरुवात केली. आपल्याकडे मालवण, तारकर्ली किंवा अलिबागला बनाना राईड ओढणारी स्पीडबोट याच कुळातली. अशा बहुतेक बोटी फायबरच्या असतात आणि पेट्रोल इंजिनावर चालतात.

घरी काय करता येतं?

बूच तपासणं: बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी पाणी काढून टाकायचं बूच असतं. ते लावायचं विसरून बोट पाण्यात सोडणं ही जगभर होणारी चूक आहे. रबर चिरलं असेल तर बूच बदला. खर्च किरकोळ आहे.

इंपेलर बदलणं: बाहेरचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक चाक असतं, तेच इंपेलर. पाती कडक झाली, वाकली किंवा तुटली की इंजिन तापतं. साधारण एक-दोन हंगामांनी ते बदलावं. जमिनीवर, पाण्याची जोडणी न करता इंजिन सुरू केलं तर इंपेलर थोड्याच वेळात जळतो.

गिअर ऑईल पाहणं: ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. नुसतं ऑईल बदलून भागत नाही, गळकं सीलही बदलावं लागतं.

अॅनोड बदलणं: इंजिनाचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून स्वतः झिजणारा धातूचा तुकडा बसवलेला असतं, त्याला अॅनोड म्हणतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचा चालतो, धरणाच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लागतो. कोकणातून जुनी बोट आणली असेल तर हे आधी पाहा. अर्धा झिजला की बदला.

फायबरचे ओरखडे आणि छोट्या भेगा

पाण्याच्या टाक्या बनवणारे वापरतात तेच सामान इथे लागतं: रेझिन, फायबर मॅट आणि हार्डनर. आधी भाग कोरडा करा, भेग घासून उतरती करा, अॅसिटोनने पुसा आणि मगच थर द्या.

अनेक दुकानांत रेझिनसोबत दोन वेगळ्या बाटल्या मिळतात, एक कोबाल्ट अॅक्सिलरेटरची आणि दुसरी हार्डनरची. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी अॅक्सिलरेटर रेझिनमध्ये नीट ढवळायचा, त्यानंतर हार्डनर टाकायचा. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच.

विदर्भाच्या उन्हाळ्यात रेझिन भांड्यातच घट्ट होतं. काम सकाळी सावलीत करा आणि थोडं थोडं मिश्रण बनवा.

कोणत्या छोट्या सुधारणा उपयोगी पडतात?

तळात साचलेलं पाणी आपोआप उपसणारा पंप ही सगळ्यात कामाची. त्याचा फ्लोट स्विच फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडला की मालक घरी असतानाही पंप चालतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, साधी वायर ओलाव्याने आतून काळी पडते. एलईडी दिवे, फोमची मॅट, मागचं पाहायला मोठा आरसा हेही घरी बसवता येतं. मात्र पाण्याच्या पातळीखाली नवीन भोक पाडू नका.

कारचे पार्ट का चालत नाहीत?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. कारमध्ये ती खालून निघून जाते. बोटीचा तळ बंद असल्याने ती तिथेच साचते. कारचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर सारखाच दिसतो, स्वस्तही असतो, पण त्यातली ठिणगी बाहेर पडू नये अशी त्याची बांधणी नसते. त्यामुळे हे भाग बोटीसाठी बनवलेलेच घ्या. इंजिन आत बसवलेलं असेल तर सुरू करण्याआधी ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा आणि वास घेऊन पाहा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- स्टिअरिंग किंवा थ्रॉटल अडकत असेल
- पेट्रोलची टाकी किंवा पाईप गळत असेल
- बोटीचा मागचा भाग ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, म्हणजे आतलं लाकूड कुजलं असण्याची शक्यता आहे
- दोरी ओढायचा खांब हलत असेल. वेगात तो उखडला तर दोरीसकट माणसांवर येतो

कायदा काय सांगतो?

अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ नुसार नदी आणि जलाशयांत चालणाऱ्या यांत्रिक बोटींना सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. बोटीच्या रचनेत बदल करायचा असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. इंपेलर बदलणं ही देखभाल आहे. जास्त ताकदीचं इंजिन बसवणं हा बदल आहे.

दुरुस्तीनंतरची चाचणी

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत नौदलाची एक स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीदरम्यान नियंत्रण सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्यात १५ जणांचा जीव गेला. प्रशिक्षित हातांत असं होऊ शकतं, तर घरच्या दुरुस्तीनंतर काळजी आणखी हवी.

म्हणून पहिली फेरी प्रवाशांशिवाय आणि इतर बोटींपासून लांब घ्या. लाईफ जॅकेट घाला. चालक पडला तर इंजिन बंद करणारी किल स्विचची दोरी अंगाला अडकवा. वेग हळूहळू वाढवा. १० मिनिटांनी थांबून तळात पाणी किंवा पेट्रोल आलंय का ते पाहा. सगळं कोरडं असेल तरच बोटीत दुसऱ्या माणसाला घ्या.