सॅन पेड्रो नदीकाठचा अधिवास

सॅन पेड्रो नदीकाठचा अधिवास हा मेक्सिकोतील सोनोरा आणि अमेरिकेतील ॲरिझोना या राज्यांच्या शुष्क प्रदेशातील वने, गवताळ जागा व पाणथळी यांचा अरुंद पट्टा आहे. सॅन पेड्रो नदी सोनोरातील कनानेआजवळ उगम पावते, उत्तरेकडे सुमारे २२५ किमी वाहते आणि विंकलमन येथे हीला नदीस मिळते. तिच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरण नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ही गोष्ट आता दुर्मीळ झाली आहे.

परिसंस्था

पावसाळी पूर ओसरल्यानंतर नदीत जे पाणी वाहते, ते मुख्यतः भूजलाचे असते. वाचूका व इतर पर्वतांवर पडलेला पाऊस आणि बर्फ जमिनीत मुरतो, गाळाच्या थरांतून अतिशय संथपणे खोऱ्याच्या तळाकडे सरकतो आणि नदीपात्रात पाझरतो. काठावरील वृक्षांचे जीवन या पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. फ्रेमाँट कॉटनवुड (पॉपलरच्या प्रजातीतील वृक्ष) आणि गुडिंग विलो (वाळुंजाच्या प्रजातीतील वृक्ष) यांची दाट वने भूजल साधारण तीन मीटरांच्या आत असेल तेथेच टिकतात. त्यांची कापसासारखी बीजे वसंतात उडतात व काही आठवडेच जिवंत राहतात. तेवढ्या अवधीत त्यांना नुकत्याच ओसरलेल्या पुराचा ओला, उघडा गाळ मिळावा लागतो आणि त्यानंतर खाली जाणाऱ्या पाण्याच्या वेगाने रोपाची मुळे वाढावी लागतात. असा योग दरवर्षी येत नाही, त्यामुळे या वनांत एकाच वयाच्या वृक्षांचे पट्टे दिसतात.

पात्रापासून दूर, उंच गाळाच्या जमिनीवर मेस्कीट वृक्ष आढळतात. महाराष्ट्रात उपद्रवी मानली जाणारी वेडी बाभूळ याच्याच जवळची आहे. येथील मेस्कीट मात्र मूळची देशी व संरक्षणयोग्य मानली जाते.

या खोऱ्यात पक्ष्यांच्या सुमारे ३५० जातींची नोंद असून, मेक्सिको व उत्तरेकडील प्रदेश यांदरम्यान स्थलांतर करणारे असंख्य पक्षी येथे थांबतात. नैर्ऋत्य विलो माशीमार (१९९५ पासून संकटग्रस्त) आणि पिवळ्या चोचीचा पश्चिमी कोकीळ (२०१४ पासून धोक्यातील) यांना अमेरिकी कायद्याचे संरक्षण आहे. माशांची स्थिती मात्र वाईट आहे: मूळच्या तेरा जातींपैकी नदीत दोनच उरल्या आहेत.

इतिहास

आजचे वन प्राचीन नाही, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नदी बऱ्याच ठिकाणी उथळ होती. काठाने दलदली आणि सॅकॅटॉन गवताची कुरणे होती. बीव्हर इतके होते की १८२० च्या दशकात आलेल्या फासेपारध्यांनी तिला 'बीव्हर नदी' म्हटले. शिकारीमुळे ते पुढे नाहीसे झाले. शतकाच्या अखेरीस अतिचराई, दुष्काळ आणि मोठे पूर एकामागून एक आले. नदीने स्वतःचे पात्र कोरून खोल घळ केली आणि दलदलींचे पाणी खाली उतरले. त्या घळीच्या तळाशी तयार झालेल्या नव्या पूरमैदानावर विसाव्या शतकात आजचे बहुतांश कॉटनवुड वाढले.

संवर्धन

अमेरिकी काँग्रेसने १८ नोव्हेंबर १९८८ रोजी सॅन पेड्रो नदीकाठ राष्ट्रीय संवर्धन क्षेत्र स्थापन केले. सुमारे २३० चौ. किमीच्या या क्षेत्राची व्यवस्था भूमी व्यवस्थापन विभागाकडे आहे. बहुतेक भागातील गुरेचराई त्याआधीच थांबवण्यात आली होती. त्यानंतर काही वर्षांतच झुडपे व गवत दाट झाले आणि अनेक पक्ष्यांची संख्या वाढली. १९९९ ते २००२ या काळात बीव्हरही पुन्हा सोडण्यात आले.

चराई बंद करणे तुलनेने सोपे होते. भूजलाचा प्रश्न क्षेत्राच्या हद्दीबाहेरचा आहे. सिएरा व्हिस्टा शहर आणि फोर्ट वाचुका ही लष्करी छावणी त्याच जलधरातून पाणी उपसतात. उपशामुळे विहिरींभोवती पाणीपातळीत शंकूसारखा खळगा पडतो व तो हळूहळू पसरत नदीकडे येणारे पाणी अडवतो. हा परिणाम दशकांनंतर पोहोचू शकतो, म्हणून उपसा आज घटला तरी नदीची हानी लगेच थांबत नाही. जुलै २००५ मध्ये चार्ल्स्टन येथील प्रवाहमापन केंद्रावर, तेथील नोंदी सुरू झाल्यापासून प्रथमच, प्रवाह खंडित झाला.

जेथे पाणी खोल जाते तेथे कॉटनवुडची जागा आशिया-युरोपातून आलेला झाऊ घेतो. झाऊने नदी आटवली असा समज रूढ आहे. सॅन पेड्रोवर त्याचे प्राबल्य हे कारणापेक्षा लक्षण अधिक आहे. पाणी न वाढवता नुसता झाऊ तोडल्यास कॉटनवुड परत येत नाही.

स्थानिक संस्था, लष्कर व शासकीय विभाग यांची 'अप्पर सॅन पेड्रो पार्टनरशिप' १९९८ मध्ये स्थापन झाली. सिएरा व्हिस्टाचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जमिनीत मुरवणे, छावणीतील पाणीवापर कमी करणे आणि नदीजवळच्या जमिनी विकत घेऊन तेथील उपसा बंद करणे असे उपाय योजण्यात आले. कायदेशीर बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. सुमारे ७,००० घरांच्या एका प्रकल्पासंबंधी ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला की, पुरेशा पाण्याची खात्री देताना राज्याच्या जलसंपदा विभागावर संवर्धन क्षेत्राचा अद्याप न मोजलेला संघराज्यीय जलहक्क विचारात घेण्याचे बंधन नाही. हा हक्क २०२३ मध्ये न्यायालयाने नदीतील प्रवाह आणि निरीक्षण विहिरींमधील पाणीपातळी या दोन्ही स्वरूपांत निश्चित केला.