‘आकाश’ : स्वस्त टॅब्लेटची किंमत

१/ ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीच्या ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण झाले. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झ, रॅम अवघी २५६ एमबी. त्याच्या संथपणावर टीका झाली.

२/ पुढे प्रकल्पाची धुरा मुंबईच्या आयआयटीने घेतली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘आकाश-२’ आला : १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी. सरकारी खरेदीदर २,२६३ रुपये. विद्यार्थ्यांसाठी अनुदानित दर १,१३० रुपये.

३/ दर राखण्यासाठी रॅम बेताची ठेवलेली. ती नंतर वाढवताही येत नसे. सॉफ्टवेअरचा पसारा मात्र दर अपडेटगणिक वाढत होता. रॅम अपुरी पडली की मागे चालू असलेली अ‍ॅप बंद होतात आणि पुन्हा उघडताना वेळ खातात.

४/ ही अडचण एकट्या ‘आकाश’ची नव्हती. २०१३ मध्ये गुगलने अँड्रॉइड ४.४ मुद्दाम ५१२ एमबीत चालेल असे घडवले. खरेदीच्या दिवशी वाचलेला पैसा पुढे वापरणाऱ्याच्या वेळेतून वसूल होतो, हाच या इतिहासाचा धडा.