रान उठवणे : हाक्याची जुनी हकिकत

अमक्या प्रश्नावर लोकांनी रान उठवले, असे आपण सहज बोलून जातो. गुरुजी हा वाक्प्रचार फळ्यावर लिहितात आणि 'मोठी ओरड करणे' असा अर्थ सांगून पुढे जातात. पण मुलांना सांगण्यासारखी खरी गंमत आहे त्यातल्या रानात! दाट झाडीत दडून बसलेले जनावर आरडाओरडा करून उठवायचे आणि पुढे दबा धरलेल्या शिकाऱ्याच्या अंगावर घालायचे, याला म्हणतात हाका. हाकाटी पिटणे हा शब्दही त्याच कुळातला. वाघूर म्हणजे हरणे धरण्याचे जाळे, हा शब्द मात्र आता कोशात जाऊन बसला.

पालघर जिल्ह्यातले अच्छाड हे गाव मालमोटारवाल्यांना चांगले ठाऊक आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाताना महाराष्ट्राची हद्द संपते ती इथे. डहाणू आणि तलासरीचा हा सगळा मुलूख मूळचा दाट रानाचा. राहणारे मुख्यतः वारली. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली निराळा झाला. सांबर, भेकर, चौशिंगा ही इकडच्या रानातली जनावरे. झाडी इतकी दाट, की पाच पावलांवर सांबर उभे असले तरी दिसायचे नाही. अशा ठिकाणी हाक्यावाचून शिकार कशी व्हावी?

आता हाका म्हणजे नुसता गोंगाट, अशी समजूत असेल तर ती सोडा. हरणाचा कान मोठा तिखट. आवाज कुठून येतो आणि जवळ येतो की लांब जातो, हे त्याला बसल्या जागी कळते. एकदम मोठा आवाज झाला तर ते बिथरते आणि फुटेल त्या वाटेने सुटते, पुष्कळदा माणसांच्या रांगेतूनच मागे. पण आवाज लांबून, सारखा आणि सावकाश येत राहिला, तर ते उठते, चार पावले चालते, थांबून कानोसा घेते आणि आपल्या नेहमीच्या वाटेने पुढे सरकते. ही वाट म्हणजे एखादा ओहळ, नाहीतर दोन टेकड्यांमधली खिंड. बंदूकवाला बसायचा तो या खिंडीशी. वाराही पाहावा लागे. रानाकडून शिकाऱ्याकडे वाहणारा वारा चांगला. उलटा असला की जनावराला माणसाचा वास लागलाच आणि सगळा दिवस फुकट.

म्हणून जाणती माणसे ओरडण्यापेक्षा काठीने झाडाचे खोड ठोकत चालत. रांग तुटू द्यायची नाही, कुणी पुढे धावायचे नाही. दोन्ही कडांना झाडांवर माणसे बसवलेली असत. त्यांचे काम सगळ्यांत अवघड, कारण ते गप्प राहण्याचे असे! जनावर बाजूला वळले तर एवढेसे खाकरायचे, नाहीतर फांदीवर टिचकी मारायची. तेवढ्याने ते पुन्हा वाटेला लागे. ढोल आणि पत्र्याचे डबे बडवायचे ते जिथे वाघाची शंका असेल तिथे.

ही विद्या फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात असा उल्लेख त्यात सापडतो, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचे विस्तृत वर्णन आहे. मोगलांनी तर हाक्याची मोहीमच केली. तिला ते कमरगा म्हणत. १५६७ साली लाहोरजवळ अकबरासाठी सुमारे पन्नास हजार माणसे महिनाभर रान हाकत होती, अशी नोंद आहे. पुढे १५७८ साली असाच मोठा हाका चालू असताना अकबराचे मन अचानक फिरले आणि कोंडलेली सारी जनावरे त्याने सोडून द्यायला लावली. बादशहाचे मन पालटले याची नोंद बखरकाराने आवर्जून केली. महिनाभर रानात काठ्या आपटणाऱ्या त्या पन्नास हजारांत एकाचेही नाव नाही.

इंग्रजी अमलातही हीच तऱ्हा. साहेबाचा मुक्काम पडला, की हाक्याला माणसे गावाने पुरवायची. शिंगे आणि कातडे साहेबाच्या दिवाणखान्यात. जखमी डुक्कर किंवा अस्वल उलटले तर पहिली गाठ कुणाशी? हाकेकऱ्याशी, त्याच्या हाती काठीच. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारी झाले, आणि ज्याला रानाची वाटन्‌वाट माहीत तोच त्यात चोर ठरला. स्वतःच्या पोटासाठी भेकर मारले तर गुन्हा, आणि साहेबासाठी तेच उठवले तर सेवा!

डहाणूकडे या साऱ्यावर वेठीचे ओझे होते. मुंबई सरकारच्या सांगण्यावरून सिमिंग्टन या अधिकाऱ्याने चौकशी केली. त्याचा १९३९ चा अहवाल सांगतो, की जमीनदाराकडे वेठीला नेलेल्या माणसाला दिवसाला फार तर एक आणा मिळे. पुष्कळदा एका वेळचा तांदूळच. बोलवायला आला की जायचे, नाहीतर मार. मे १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, असे तिथे ठरले. मग खरेच रान उठले, पण माणसांचे! त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले. गोदूताई येणार असा निरोप फिरला होता, तो खोटा होता. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण पडले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जनावर बंदुकीपुढे आणायला लावले, त्यांनाच हाकारून बंदुकीपुढे आणल्यासारखे ते झाले, असे मला वाटते. गोदूताईंनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आहे. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे.

शिकारीचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला आवर बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करायची शिकारही संपली. वारल्यांच्या भिंतीवरच्या चित्रांत मात्र धनुष्यवाला आणि धावणारे हरीण अजून पाहायला मिळते.

हाक्याचे ज्ञान आज उलट्या कामी येते. डुकरे पिकात शिरली की शेतकरी माळ्यावरून डबा वाजवतो. त्यांना जायला एक बाजू मोकळी ठेवायची, हे जुनी माणसे अजून सांगतात. बिबट्या वस्तीत शिरला की लोक चहूबाजूंनी ओरडत धावतात, आणि वाट न उरलेले ते जनावर गर्दीतूनच सुटते. वनखात्याची माणसे म्हणूनच आधी गर्दी मागे हटवतात, आवाज बंद करायला लावतात, रानाकडची बाजू मोकळी ठेवतात आणि अंधार पडण्याची वाट पाहतात.